कार्डावर दोन होतं

अनीबाल केसादाचं कपाळ मी सव्वीस वर्षं टिपलं.
दर गुरुवारी, मॉन्तेविदेओत, चॅनेलच्या तळघरात,
जिथल्या आरशाचा एक बल्ब कायम गेलेला.
आधी काळ्या-पांढऱ्यासाठी हिरवट पावडर,
रंगीत आलं तेव्हा गुलाबी.
त्याची बायको म्हणायची, दोघांतला हिरवा बरा होता.

मुळात तो रेडिओवर लॉटरीचे आकडे वाचायचा.
आवाज असा, की हरलेल्यालाही वाटावं
कुणीतरी आपलं नाव घेतलं.
मग शेवयांच्या कंपनीनं पैसे घातले,
फिरतं चाक आलं, घंटा आली,
पडद्यामागे रिबीन बांधलेला निळा फ्रिज.
लोक त्याला रस्त्यात अडवून शंका विचारत,
नद्यांची लांबी, राजांची वर्षं, एकदा तर जावयाचं काय करावं ते.
तो नुसता हसे.
उत्तरं कार्डावर असत, त्याच्याकडे नसत.
हे मला ठाऊक होतं, आणि कार्डं टाइप करणाऱ्या पोराला.

एका जूनमध्ये रोचाच्या किनाऱ्यावरून कोळी आला,
एउदोरो तेचेरा. उसना कोट, बाह्या आखूड.
मिठानं चिरलेले गाल, पावडर नुसती पीत राहिले.
फ्रिजचा प्रश्न: ऑक्टोपसला हृदयं किती?
"तीन," तो म्हणाला,
आपल्याला भावंडं किती हे सांगावं तसं.

कार्डावर दोन होतं.

अनीबालनं कार्ड पाहिलं, माणूस पाहिला,
मग कॅमेऱ्याकडे वळून "अरेरे" म्हणाला, त्या सुंदर आवाजात.
घंटा. शेवया.

दुसऱ्या दिवशी त्यानं विश्वकोश उघडला.
मालकांना सांगितलं. मालक म्हणाले,
चाकाला कुठला रंग द्यायचा ते बोल.
आणि तो बोलला. केशरी म्हणाला.
पुढे चौदा वर्षं ते केशरी चाक फिरत राहिलं,
आणि दर गुरुवारी कापसानं चेहरा पुसताना
तो एकदा तरी विचारी, "एल्विरा, कोट कुणाचा असेल गं?"

मग पांढऱ्या दातांचा एक मुलगा आला.
अनीबालला घड्याळ दिलं, टाळ्या दिल्या, पार्किंगचा पास काढून घेतला.
निवृत्तीच्या पैशातून त्यानं फ्रिज घेतला. निळाच.
ट्रक ठरवला. मला म्हणाला, चल.
का, ते मी विचारलं नाही. पर्स उचलली.

वाळूच्या टेकड्यांपलीकडे गाव.
विजेचा खांब एकही नाही.
दुकानात तेचेरा बसला होता, थकलेला, जाळं मांडीवर.
फ्रिजकडे पाहून म्हणाला, "याला लावू कुठे? चंद्राला?"
मग हळूच, "फ्रिजचं सोडा.
माझ्या पोरानं शाळेत दोन लिहिलं.
बाईंनी बरोबर दिलं.
एकोणीस वर्षं मला इथे 'दोन' म्हणूनच हाक मारतात.
पण तुम्ही कोण?"

घामानं डबडबलेला, उघडा पडलेला तो म्हातारा.
त्याला कोण ओळखणार?
मी डबी काढली. कपाळ, नाक, हनुवटी.
दुकानातली चार माणसं उठून उभी राहिली,
बाईनं हात पुसले, कुणीतरी कुत्र्याला गप्प केलं.

"उत्तर," तो म्हणाला, आणि आवाज फाटला,
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा,
"तीन. बरोबर उत्तर तीन होतं."

घंटा नव्हती. दुकानदारानं पातेल्यावर पळी मारली.
कोपऱ्यात मासे साफ करणारा तेचेराचा मुलगा
मान वर न करता म्हणाला, "ठाऊक आहे.
दहाव्या वर्षीच मी एक कापून पाहिला होता.
बाबांना सांगायचं राहून गेलं."

परत निघालो तेव्हा फ्रिज त्यांनी आडवा केला होता,
दार वर, होडीसारखा.
पोरं त्यात बर्फ टाकत होती, बर्फावर मासे,
आणि म्हातारा कडेला उभा राहून मोजत होता,
मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.